‘ढिशूम’च्या मागे वाजणारी चाल

घरात कुणी मारामारीचा गेम खेळत असेल, तर आज एक गंमत करून बघा. खेळणाऱ्याला न सांगता टीव्हीचा किंवा फोनचा आवाज बंद करा. दहा सेकंदांत ओरडा होईल, “आवाज कुणी घालवला?” चित्र तेच, ठोसे तेच, जिंकणं-हरणं तेच, पण खेळातला जीव गेलेला असतो. एरवी त्या संगीताकडे आपलं लक्षही नसतं. आयांना तर त्याचा त्रासच होतो. ‘ती कटकट जरा कमी कर’ हे वाक्य आमच्या गोमती नगरापासून तुमच्या गोरेगावापर्यंत कुठल्या घरात म्हटलं गेलं नसेल?

आज त्या कटकटीचीच गोष्ट वाचा. जपानमधल्या एका विशीतल्या मुलीनं हाणामारीच्या एका गेमसाठी चाली बांधल्या आणि दहा-बारा वर्षांनी लंडनच्या गरीब वस्तीतल्या पोरांनी उभ्या केलेल्या संगीतात त्यांचा वास यायला लागला. त्या संगीताचं नाव ग्राइम. या शब्दाचा अर्थच मुळी काजळी, चिकट मळ.

आई-वडिलांना न पटलेली नोकरी

तुम्ही पस्तिशी-चाळिशी ओलांडली असेल, तर गल्लीच्या कोपऱ्यावरचं व्हिडिओ गेम पार्लर आठवत असेल. काळोखी खोली, लाकडी पेट्या, नाणं टाकायची फट आणि खेळणाऱ्यापेक्षा जास्त सल्ले देणारी मागची गर्दी. भारतात तिथला राजा होता ‘मुस्तफा’. त्या गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’ (1993), पण ते कुणाला ठाऊक होतं? टोपीवाल्या हिरोचं नाव मुस्तफा, म्हणून गेमही मुस्तफा. तो बनवणारी कंपनी होती जपानची कॅपकॉम आणि तिनंच 1991 मध्ये ‘स्ट्रीट फायटर 2’ बाजारात आणला होता. दोन खेळाडू समोरासमोर, 99 पासून उलटी मोजणी, जो उभा राहील तो जिंकला. आज आपण ज्याला फायटिंग गेम म्हणतो, त्याचा साचा याच गेमनं पक्का केला. माझ्या पिढीच्या वाट्याला तो थेट आला नाही, ‘टेक्कन 3’च्या रूपानं आला, पण मूळ पुरुष हाच.

मूळ पुरुष म्हटलं खरं, त्याला आवाज मात्र एका मुलीनं दिला. योको शिमोमुरा. जन्म 1967, ओसाका कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये पियानोचं शिक्षण. पुढे पियानो शिकवायचा, हा सरळ, सोज्वळ बेत. पण तिला गेम खेळायचं वेड होतं. तिनं गेम कंपन्यांना आपल्या रचना पाठवल्या, कॅपकॉमनं बोलावलं आणि 1988 मध्ये ती तिथे रुजू झाली. घरच्यांना आणि शिक्षकांना हे अजिबात रुचलं नाही. एवढी महागडी फी भरून संगीत शिकवलं ते काय गेमसाठी? गेमच्या संगीताला तेव्हा कुणी संगीत मानत नव्हतं. हा संवाद जपानी भाषेत कसा झाला असेल ते मला माहीत नाही, पण मराठीत तो आपल्याला तोंडपाठ आहे.

‘स्ट्रीट फायटर 2’मधल्या बहुतेक चाली तिच्या. काही इसाओ आबे या सहकाऱ्याच्या. आणि या दोघांच्या हाताशी काय होतं? ऑर्केस्ट्रा नाही, गायक नाही. यामाहाची एक चिप, जी एका वेळी 8 आवाज काढू शकायची, आणि ढोल-ताशे, आरोळ्या, ठोसे यांच्यासाठी दुसरी एक चिप, तिला 4 आवाज. बस्स. त्यातही कुणी लाथ मारली की त्या लाथेच्या आवाजाला जागा द्यायची.

आता त्या पार्लरमध्ये उभं राहून विचार करा. आजूबाजूला वीस मशिनं एकाच वेळी कोकलतायत. अशा ठिकाणी आलापी करून भागत नाही. पहिल्या दोन-तीन सेकंदांत चाल कानात घुसली पाहिजे. म्हणून चाली छोट्या, टोकदार, ठसकेबाज. सूर चकचकीत, थोडे धातूसारखे. आणि फेरी संपेपर्यंत तेच पुन्हा पुन्हा, तरीही कंटाळा येता कामा नये. ही शेवटची अट सगळ्यात अवघड, असं मला वाटतं. भजनी मंडळात एकच ओळ वीस वेळा म्हणून रंगवणाऱ्या बुवांना विचारा.

शिवाय एक युक्ती होती. एखाद्या खेळाडूची ताकद संपत आली की तीच चाल जलद व्हायची. पडद्याकडे न बघतासुद्धा मागच्या पोराला कळायचं, कुणाचा तरी निकाल लागतोय.

प्रत्येक पात्राला आपला देश आणि आपली चाल. जपानचा र्यू, चीनची चुन-ली, ब्राझीलचा ब्लांका, सोव्हिएत रशियाचा झांगिएफ. अमेरिकेच्या गाइलची चाल तर इतकी गाजली की इंटरनेटवर कुठल्याही व्हिडिओला ती लावायची आणि ‘बघा, बसली!’ म्हणायचं, अशी थट्टाच सुरू झाली. आणि आपला कोण? धालसिम. गळ्यात कवट्यांची माळ, रबरासारखे लांब होणारे हात, तोंडातून आग आणि मागे हत्तींची रांग. हे बघून हसावं की रागवावं हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. भारताची एवढीच ओळख? पण त्याची चाल ऐका. जपानी मुलीनं दुरून कल्पिलेला हा भारत आहे. खरा नाही, पण बेसुरही नाही.

लंडनच्या टॉवरमध्ये

1992 मध्ये हा गेम सुपर निन्टेंडोवर घरोघरी आला. पार्लरमध्ये नाणं संपलं की चाल थांबायची. घरात ती दिवसभर वाजायला लागली. त्या वर्षी इंग्लंडमध्ये रिचर्ड कौवी नावाचा मुलगा 13 वर्षांचा होता, ज्युनियर अडेनुगा 10 वर्षांचा, डिलन मिल्स 8 वर्षांचा. पुढे जग त्यांना विली, स्केप्टा आणि डिझी रास्कल या नावांनी ओळखणार होतं. सगळी ठोसे मारायच्या वयातली पोरं.

पूर्व लंडनमधला बो हा भाग नकाशात बघितलात तर काचेच्या बँकांच्या झगमगाटाला अगदी खेटून आहे. एका बाजूला कॅनरी वार्फच्या इमारती, दुसऱ्या बाजूला सरकारी घरांचे उंच टॉवर. त्या टॉवरमध्ये कॅरिबियन आणि आफ्रिकन कुटुंबांतली मुलं वाढत होती. क्लबांमध्ये तेव्हा गॅराज संगीत जोरात होतं. चकचकीत कपडे, शॅम्पेन, बड्या लोकांचा थाट. या पोरांना तिथे प्रवेश नव्हता आणि खरं सांगायचं तर त्यांचं आयुष्यही तसं गुळगुळीत नव्हतं. मग त्यांनी टॉवरच्या गच्चीवर अँटेना लावून विनापरवाना रेडिओ स्टेशनांवर आपलं वाजवायला सुरुवात केली. 1994 मध्ये सुरू झालेलं ‘रिन्स एफएम’ त्यातलं सगळ्यात नावाजलेलं. त्याला सरकारी परवाना मिळायला 2010 उजाडलं!

2002च्या सुमाराला या स्टेशनांवर एक वेगळाच आवाज ऐकू यायला लागला. मिनिटाला साधारण 140 ठोके. गॅराजमधली गोडी काढून टाकलेली. खाली जाड, खरखरीत बास, वर दोन-चार टोकदार सूर, मध्ये रिकामी जागा. दर 8 मात्राखंडांनी ठेका पलटायचा. विलीच्या ‘एस्किमो’ या वादनाचं नावच सांगतं, सगळं थंडगार, बर्फासारखं. 2003 मध्ये डिझी रास्कलचा ‘बॉय इन द कॉर्नर’ आला आणि ब्रिटनमधलं मानाचं मर्क्युरी पारितोषिक त्यानं विशीच्या आत पटकावलं.

आता ‘एस्किमो’ ऐका आणि लगेच ‘स्ट्रीट फायटर 2’मधली कुठलीही चाल ऐका. एक दुसऱ्याची नक्कल नाही. पण दोघांची हाडं सारखी आहेत. थोडेच आवाज, प्रत्येकाचं काम ठरलेलं. छोटं वर्तुळ, पुन्हा पुन्हा फिरणारं. खऱ्या वाद्यासारखं ऐकू यायची धडपडच नाही. यंत्र आहे तर यंत्रासारखं वाजू दे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चालीच्या पुढे कुणीतरी झुंजणार आहे, त्याच्यासाठी जागा मोकळी.

साम्य इथेच थांबत नाही. यातल्या बऱ्याच मुलांची पहिली वाद्यं खेळण्यांच्या दुकानातूनच आली. प्लेस्टेशनवर ‘म्युझिक 2000’ नावाची डिस्क मिळायची. गेमचाच कंट्रोलर हातात धरून, बटणं दाबून ठेके आणि सूर रचायचे. स्केप्टा आणि त्याचा धाकटा भाऊ जेएमई यांच्यासारख्यांचे सुरुवातीचे प्रयोग तिथले. कुणाकडे जुना कॉम्प्युटर असला तर त्यावर ‘फ्रूटी लूप्स’. स्टुडिओ भाड्यानं घ्यायला पैसे नाहीत, शिकवायला गुरू नाही. ज्या यंत्रावर मारामारी खेळायची, त्याच यंत्रावर गाणं.

हे लिहिताना मला लखनऊच्या कैसरबागेतलं भातखंडे विद्यापीठ आठवतं. वाळकेश्वरात जन्मलेल्या एका मराठी वकिलानं, पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी, घराण्यांच्या कुलपात बंद असलेल्या बंदिशी गोळा केल्या, स्वरलिपीत उतरवल्या, ‘क्रमिक पुस्तक मालिके’त छापल्या आणि 1926 मध्ये इथे मॅरिस कॉलेज उभं राहिलं. ज्याला गुरूच्या घरात प्रवेश नाही, त्यालाही शिकता यावं, हा त्यामागचा विचार. बोच्या पोरांना असं पुस्तक कुणी दिलं नाही. त्यांच्या हाती गेम लागला.

अर्थात सगळं श्रेय गेमला देणं म्हणजे अन्याय होईल. काही लेखांत वाचाल, ‘ग्राइमचा जन्म स्ट्रीट फायटरमधून झाला.’ तसं नाही. ग्राइमचं घराणं शोधायचं तर जमैकन साउंड सिस्टीमकडे जावं लागेल, नव्वदीतल्या जंगल संगीताकडे आणि अर्थात गॅराजकडे. ते त्याचं माहेर-सासर जे म्हणाल ते. गेम हे आजोळ. सुट्टीत जायचं, हवं ते खायचं, कुणी अभ्यासाचं विचारत नाही. आणि मोठं झाल्यावर लक्षात येतं की आपल्या अर्ध्या सवयी तिथूनच आल्यात.

चिनी-जपानी वळणाच्या सुरांचंही तसंच. 2002-03च्या बऱ्याच ग्राइम वादनांत बासरी, तंतुवाद्यं, पूर्वेकडचा पंचस्वरी बाज ऐकू येतो. कोड-नाइन या निर्मात्यानं पुढे त्याला ‘सायनोग्राइम’ असं नावच दिलं. त्यात कुंग-फू सिनेमांचा वाटा मोठा आणि या गेमांचाही. गंमत बघा, जपानी मुलीनं कल्पनेतला चीन रचला, तो ऐकून लंडनच्या कृष्णवर्णीय पोरांनी आपला चीन रचला, आणि दोघांच्याही चीनमध्ये चिनी माणूस शोधून सापडत नाही.

समोरासमोर

चालीइतकीच दुसरी एक गोष्ट गेमनं या पोरांच्या अंगात भिनवली असावी, ती म्हणजे समोरासमोरचा सामना. ग्राइममध्ये शब्द फेकणाऱ्याला एमसी म्हणतात आणि दोन एमसींच्या झुंजीला क्लॅश. 2004 मध्ये जॅमर या निर्मात्यानं आई-वडिलांच्या घराच्या तळघरात अशा झुंजी भरवल्या, चित्रित केल्या आणि ‘लॉर्ड ऑफ द माइक्स’ या नावानं डीव्हीडी काढली. विली विरुद्ध केनो हा सामना आजही लोक काढून बघतात. अरुंद खोली, दोघं समोरासमोर, भोवती कोंडाळं, आळीपाळीनं वार. गेम पार्लरच की! फक्त नाणं टाकायची फट नाही.

मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. आपल्याकडे कलगी-तुऱ्याचे फड रंगायचे. तुरेवाले शिवाच्या बाजूचे, कलगीवाले शक्तीच्या. डफ-तुणतुण्यावर एकानं कोडं घालायचं, दुसऱ्यानं गाण्यातच ते सोडवायचं, नाही सुटलं तर मान खाली. कोकणात शक्ती-तुऱ्याचे सामने आजही होतात आणि एकमेकांची उणीदुणी काढण्यात कुणी मागे राहत नाही. एखादा वार जबरदस्त बसला की ग्राइमचा डीजे तबकडी मागे फिरवून गाणं पहिल्यापासून सुरू करतो. त्याला ते ‘रीलोड’ म्हणतात. संगीत नाटकाला जाणाऱ्या आपल्या आजोबांनी त्याला ‘वन्स मोअर’ म्हटलं असतं.

या झुंजींच्या भाषेत गेम सरळ नावानिशी यायला लागला. 2010 मध्ये डी डबल ई या जुन्याजाणत्या एमसीनं ‘स्ट्रीट फायटर रिडिम’ हे गाणं केलं. रिडिम हा जमैकन शब्द. एक तयार चाल, जिच्यावर कुणीही आपले शब्द चढवावेत. आपण ‘अमुक गाण्याच्या चालीवर’ आरती म्हणतो, तसंच. त्याच्याही आधी, 2006 मध्ये, ग्राइम आणि रॉक एकत्र करणाऱ्या एका ब्रिटिश बँडनं स्वतःचं नावच ‘हाडोकेन!’ ठेवलं. र्यू दोन्ही तळहात पुढे करून निळा गोळा फेकतो तेव्हाची ती आरोळी. तुमच्या घरात एखादा चाळिशीतला मामा असेल तर त्याला हा शब्द म्हणून दाखवा, हात आपोआप पुढे येतील.

मात्र या झुंजी पोलिसांना खेळ वाटल्या नाहीत. लंडन पोलिसांचा ‘फॉर्म 696’ नावाचा एक कागद होता. कार्यक्रम ठेवायचा तर आधी तो भरायचा. सुरुवातीच्या फॉर्ममध्ये संगीत कुठलं, एवढंच नाही तर ऐकायला कुठल्या वंशाचे लोक येणार, हेही विचारलेलं असायचं. त्यापायी ग्राइमचे कितीतरी कार्यक्रम रद्द झाले. 2017 मध्ये तो फॉर्म अखेर मागे घेतला गेला. त्याच्या एक वर्ष आधी, 2016 मध्ये, स्केप्टाला मर्क्युरी पारितोषिक मिळालं होतं. अल्बमचं नाव? ‘कोन्निचिवा’. जपानीत ‘नमस्कार’.

लंडनपासून दूरची एक गोष्ट मला इथे सांगावीशी वाटते. फातिमा अल कादिरी ही कुवेतमध्ये वाढलेली संगीतकार. 1990 मध्ये इराकनं कुवेतवर हल्ला केला तेव्हा ती लहान होती. युद्ध संपलं आणि साधारण वर्षभरानं तिच्या हाती ‘डेझर्ट स्ट्राइक’ नावाचा गेम आला. आखातातलं युद्ध, हेलिकॉप्टरमधून बॉम्ब टाकायचे. जे खिडकीतून पाहिलं तेच आता बटण दाबून खेळायचं. वीसेक वर्षांनी, 2012 मध्ये, तिनं याच नावाचा छोटा अल्बम केला आणि त्याच्यासाठी आवाज निवडला तो ग्राइमच्या जवळचा, थंड, रिकामा, यंत्रासारखा. गेम म्हणजे पोरखेळ, असं म्हणणाऱ्यांनी हा अल्बम एकदा ऐकावा. मला तो एका बैठकीत पूर्ण ऐकवला नाही.

आणि आपल्याकडे? गेमचा थेट धागा मी जोडणार नाही, पण ग्राइमचा आवाज मुंबईत केव्हाच पोचला. ‘स्वदेशी’ हा मुंबईचा बहुभाषिक गट ग्राइम, डब, हिप-हॉप अशा सगळ्या वाटांनी चालतो. त्यातला एमसी मवाली आणि अमरावतीकडचा 100 आरबीएच ही नावं मराठी रॅप ऐकणाऱ्यांना सांगायला नकोत. 2019 मधलं त्यांचं ‘द वारली रिव्होल्ट’ आरे जंगलातल्या वारली आदिवासींच्या जमिनीबद्दल आहे आणि त्यात आरेच्या पाड्यावर राहणारे प्रकाश भोईर स्वतः गातात. त्याच वर्षी ऑक्टोबरात मेट्रो कारशेडसाठी आरेतली झाडं रातोरात तोडली गेली. गच्चीवरच्या पोरांचा ठेका आणि पाड्यावरचा आवाज एकत्र कसा बसतो, ते कानांनीच ठरवा. हेडफोन लावा; फोनच्या स्पीकरला हा बास झेपत नाही.

योको शिमोमुराचं पुढे काय झालं, हे राहिलंच. 1993 मध्ये तिनं कॅपकॉम सोडलं आणि स्क्वेअर या दुसऱ्या कंपनीत गेली. तिथे ‘किंगडम हार्ट्स’ या गेमच्या संगीतानं तिचं नाव जगभर झालं. ज्या काळात तिनं ‘स्ट्रीट फायटर 2’ केला, तेव्हा गेमच्या शेवटी संगीतकारांची खरी नावंही धड लिहीत नसत, टोपणनावं टाकायचे. तिचं होतं ‘शिमो-पी’. 2014 मध्ये ‘डिगिन इन द कार्ट्स’ या माहितीपट मालिकेनं अशा जपानी गेम संगीतकारांना शोधून कॅमेऱ्यासमोर बसवलं. त्यात तीही होती. 2017 मध्ये त्याच नावाचा जुन्या गेम संगीताचा संग्रह निघाला. तो कुणी काढला? लंडनच्या ‘हायपरडब’नं, म्हणजे ‘सायनोग्राइम’ हा शब्द देणाऱ्या त्याच कोड-नाइनच्या कंपनीनं.

आणि जुलै 2021 मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला देशोदेशीचे खेळाडू मैदानात चालत आले, आपले मनप्रीत सिंग आणि मेरी कोम तिरंगा घेऊन आले, तेव्हा त्या संचलनासाठी जपाननं गेमचंच संगीत निवडलं होतं. त्यात ‘किंगडम हार्ट्स’ची धूनही होती. त्या संध्याकाळी तुमच्या घरी टीव्ही चालू असेल, तर पियानो शिक्षिका व्हायचं सोडून गेम कंपनीत गेलेल्या त्या मुलीची चाल तुम्हीही ऐकली आहे.